नायकाची शिल्लक

प्रेमकादंबरीचा नायक साधासुधा, कुठेही भेटेल असा असावा का, हा वाद अधूनमधून उकरून काढला जातो आणि दर वेळी त्याच दोन खड्ड्यांत जाऊन पडतो. एक बाजू म्हणते, वाचक दिवसभर साधीच माणसं बघून कंटाळलेला असतो, रात्री पुस्तक उघडल्यावर पुन्हा तीच कशाला दाखवता? दुसरी बाजू म्हणते, अब्जाधीश, राजपुत्र आणि सहा फुटी उद्धट नायकांनी वाचकांच्या अपेक्षा बिघडवल्या, आता समाजाच्या भल्यासाठी एखादा सज्जन कारकून आणा. पहिल्यांच्या लेखी साधा म्हणजे रटाळ, दुसऱ्यांच्या लेखी साधा म्हणजे सद्गुणी. भांडण सगळं नायकाच्या ऐपतीवरून चालतं. तो पानावर करतो काय, याची चौकशी कोणीच करत नाही.

मला हा नीतीचा प्रश्न वाटत नाही, बांधणीचा वाटतो. नायिकेसाठी काही करताना नायकाच्या गाठीचं किती गेलं, यावर तो वाचकाच्या मनात भरतो की नाही हे ठरतं. ज्याच्याकडे मोजकंच आहे त्याच्या बाबतीत हे दाखवणं खरं तर सोपं असायला हवं. तरीही साध्या नायकाच्या बऱ्याच कादंबऱ्या फसतात, कारण लेखक नायकाची श्रीमंती काढून घेतो आणि तिच्या जागी काहीच ठेवत नाही.

आधी साध्या नायकाच्या विरोधकांचं जे खरं आहे ते मान्य करू. वाचक विसावा शोधत येतो, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासिकेने १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या स्त्रियांनाच प्रश्न विचारले होते. घरातल्या सगळ्यांचं करता करता उरलेला, फक्त स्वतःचा असा वेळ म्हणजे हे वाचन, असं त्यातल्या अनेकींचं म्हणणं होतं. अशा वेळी थकवणारं वास्तव कोणाला हवं असेल? पण त्याच स्त्रियांनी नायकात काय हवं हे सांगताना बुद्धी, हळुवारपणा आणि विनोदबुद्धी यांना रूपाच्या वर ठेवलं. अर्थात नमुना लहान होता, प्रश्नावल्या जेमतेम ४२. शिवाय त्यांच्या आवडत्या पुस्तकांतले नायक तरीही चांगले रुबाबदार, दणकट होते, हेही रॅडवेने नोंदवलं आहे. म्हणजे वाचकाला फक्त साधेपणा हवा आहे, असा दावा या अभ्यासावरून करता येत नाही. पण वाचकाला फक्त थाट हवा आहे, हा दावाही टिकत नाही.

दुसरा मुद्दा याहून जड आहे, आणि साधेपणाचे पुरस्कर्ते तो टाळतात. पैसा कथेत राबतो. श्रीमंत नायकाला लेखकाने मागण्याआधीच चार गोष्टी मिळालेल्या असतात: रिकामा वेळ, हवा तेव्हा एकांत, आत शिरताच वळणाऱ्या नजरा आणि संकट एका फोनवर मिटवण्याची ताकद. दोघांना तीन दिवस कुठेतरी एकत्र ठेवायचं आहे? त्याचं बेट आहे, विमान आहे. साध्या नायकाला तीन दिवसांची रजा मिळवण्यातच एक प्रकरण जातं. तेव्हा श्रीमंत नायक लिहिणारे लेखक आळशी आहेत असं म्हणून मोकळं होता येत नाही. त्यांनी एक चालणारं यंत्र उचललंय. ते नको असेल तर त्याची चारही कामं दुसऱ्या कशाने तरी करून घ्यावी लागतात.

तिसरी कबुली. 'विश्वसनीय' आणि 'वास्तवात सापडणारा' हे दोन वेगळे शब्द आहेत. अशक्य पण संभवनीय वाटणारं कवीने निवडावं, शक्य असूनही न पटणारं निवडू नये, हे ॲरिस्टॉटलने कधीच सांगून ठेवलंय. रक्तपिपासू पिशाच्चही नायक म्हणून पटू शकतं आणि बँकेतला कॅशियर अजिबात पटत नाही, असं होऊ शकतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लंडवर आज लिहिल्या जाणाऱ्या कादंबऱ्यांत इतके तरुण, देखणे, अविवाहित ड्यूक, म्हणजे बडे सरदार, आढळतात की त्या काळच्या सगळ्या खऱ्या ड्यूकांना एका दिवाणखान्यात बसवूनही बऱ्याच खुर्च्या रिकाम्या राहतील. वाचक हे जाणून वाचतो आणि त्याला ते खुशाल चालतं. म्हणून 'असे पुरुष असतात कुठे?' हा आक्षेप प्रेमकादंबरीला लागूच होत नाही. खरा आक्षेप वेगळा असायला हवा: हा पुरुष जे करतो ते त्याच्या स्वभावातून, परिस्थितीतून आणि आधीच्या पानांतून उगवलंय का?

श्रीमंत नायकाचं सर्वांत गाजलेलं उदाहरण याच कसोटीवर तपासू. जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' १८१३ सालची. डार्सीचं उत्पन्न वर्षाला दहा हजार पौंड, आणि गावच्या नाचाच्या समारंभात पाऊल टाकल्यावर पाच मिनिटांत हा आकडा सगळ्यांच्या तोंडी होतो. नायिका एलिझाबेथच्या धाकट्या बहिणीला पळवून नेणाऱ्या विकमला लग्नाला उभं करण्यासाठी डार्सी त्याचं हजार पौंडांहून अधिक कर्ज फेडतो, आणखी हजार त्या बहिणीच्या नावे करतो, वर त्याला सैन्यात हुद्दा विकत घेऊन देतो. विरोधक म्हणतील, बघा, पैसा नसता तर हा नायक काय करणार होता? पण त्या पैशाने डार्सीचं काय कमी झालं? काहीच नाही. त्याला जड गेलं ते विकमसमोर जाऊन बसणं. याच माणसाने डार्सीच्या स्वतःच्या पंधरा वर्षांच्या बहिणीला फसवून पळवायचा बेत केला होता. त्याच्याशी घासाघीस करायची, आणि हे आपण केलं हे एलिझाबेथला कळू नये याचीही काळजी घ्यायची. ज्याला अभिमान सोडणं एवढंच जड जाणार होतं, त्याने अभिमान खर्च केला. दहा हजार पौंड पार्श्वभूमीला होते, सौदा या खर्चावर पटला. डार्सीची नक्कल करणाऱ्या असंख्य लेखकांनी उत्पन्न तेवढं उचललं, खर्च मागेच राहिला.

हे इंग्रजीतून शिकण्याचीही गरज नव्हती. आपल्याकडच्या नाट्यशास्त्राने नायकाचे चार प्रकार मोजले: धीरोदात्त, धीरललित, धीरोद्धत, धीरप्रशांत. चारांत समान काय, तर धीर. राज्य, संपत्ती, शौर्य हे पुढचं. त्यातला धीरप्रशांत हा 'प्रकरण' या नाट्यप्रकाराचा नायक, म्हणजे राजा नव्हे, तर ब्राह्मण, अमात्य किंवा व्यापारी. याचा सर्वांना ठाऊक असलेला नमुना म्हणजे शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तला चारुदत्त, दानधर्मात सगळं संपवून बसलेला. दुसऱ्या अंकात नायिका वसंतसेनेचा पिसाळलेला हत्ती आवरणाऱ्या तिच्या सेवकाला बक्षीस द्यावं म्हणून तो स्वतःच्या अंगावर दागिन्यांच्या जागा चाचपतो. त्या रिकाम्या. वर बघतो, सुस्कारा टाकतो आणि अंगावरचा शेला काढून फेकतो. सोन्याचं कडं काढून फेकलं असतं तर प्रेक्षकाने टाळी वाजवली असती आणि विसरला असता. त्या चाचपण्यात माणूस दिसतो. आणि तो निष्कलंकही नाही. वसंतसेनेची ठेव चोरीला गेल्यावर ती आपण जुगारात हरलो असं तो खोटंच कळवतो, आणि भरपाईला पत्नीची रत्नमाला पाठवून देतो. आजच्या 'आदर्श साधा नायक' मागणाऱ्यांना हे पचेल का, शंकाच आहे.

'रोजच्या जगण्यात रंगण्यासारखं आहेच काय?' ही तक्रारही नवी नाही. १८६८ साली 'मंजुघोषा' ही कादंबरी लिहिताना नारो सदाशिव रिसबुडांनी प्रस्तावनेत जवळपास हीच अडचण मांडली होती: आपल्या समाजातल्या नेहमीच्या गोष्टी लिहिल्या तर त्यात चित्त वेधणारं काही सापडत नाही, म्हणून अद्भुताकडे वळावं लागतं. त्या काळच्या विवाहपद्धतीकडे पाहता यात तथ्य होतं, लग्नाआधी प्रेम जमायला वावच कुठे होता? पण १८८५ मध्ये हरिभाऊ आपट्यांची 'मधली स्थिती' आली आणि पुढे 'आजकालच्या गोष्टी' म्हणून त्यांनी जे लिहिलं त्यात याच रोजच्या घरांतून कादंबऱ्या निघाल्या. सतरा वर्षांत समाज काही उलटापालटा झाला नव्हता. लेखकाची नजर कुठे थांबते, ते बदललं. तसंच नायिकेचं. १८४७ मध्ये 'जेन एअर' या इंग्रजी कादंबरीने दिसायला साधी, ठेंगणी, निर्धन नायिका उभी केली आणि वाचकांनी तिला डोक्यावर घेतलं. साध्या नायिकेला जी परवानगी पावणेदोनशे वर्षांपूर्वी मिळाली, ती नायकाला द्यायला आपण अजून का कचरतो?

आता नीतीवाल्यांकडे वळतो. नायकाचा पगार कमी केला की तो आपोआप सुरक्षित होतो, हा त्यांचा भ्रम आहे. संशय, हुकमत, पाळत ठेवणं यांना बँकेतली शिल्लक लागत नाही. मात्र त्यांच्या म्हणण्यातून एक उपयुक्त चाचणी निघते. नायक नायिकेच्या दारात न बोलावता येतो, मनगट धरून तिला थांबवतो, तिच्या नोकरीच्या ठिकाणी आधीच चौकशी करून ठेवतो, असं प्रकरण घ्या. त्यातली आलिशान गाडी, सूट आणि अंगरक्षक काढा. तेच सगळं भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसाकडून करवा. अंगावर काटा आला, तर आधीही ते प्रेम नव्हतं, झगमगाटाने झाकलेली दहशत होती. साधा नायक लिहिताना हे झाकण नसतं. त्यामुळे लेखकाला नायिकेचा होकार, नकार आणि मधली घालमेल स्पष्ट लिहावी लागते, आणि लेखनाला त्याचा फायदाच होतो.

मग ती चार कामं करायची कशी? एक नायक समोर ठेवू: लिफ्ट मेकॅनिक. पहिली दोन कामं, वेळ आणि एकांत, एकाच हिशेबात बसतात. आठवड्याचे तास १६८. झोप ४९, सहा दिवस नऊ तासांप्रमाणे काम ५४, जाणं-येणं १२, आंघोळ, स्वयंपाक, जेवण, धुणं-भांडी रोज तीन तास म्हणजे २१. उरले ३२. एक आड एक रविवारी त्याला फोनजवळ थांबावं लागतं, त्या आठवड्यात आणखी बारा वजा करा. राहिले वीस. कादंबरी ८०,००० शब्दांची, अडीच हजारांची ३२ प्रकरणं धरली, तर दोघांच्या सगळ्या भेटी आणि त्यांचा एकांत दर आठवड्याच्या या वीस-बत्तीस तासांत बसवायचा. हा हिशेब लिहायला बसण्यापूर्वी कागदावर करावा, कारण तो केला की तिच्यासाठी मंगळवारी संध्याकाळी दोन तास काढणं ही घटना होते. हिशेब न करणाऱ्यांचा नायक नोकरी असूनही दुपारी तीनला चहा प्यायला मोकळा सापडतो. पैशांचंही तसंच टिपण ठेवावं: येणं, बांधलेलं जाणं, उरलेलं. ते वाचकाला दाखवायचं नसतं. पण बाराव्या प्रकरणात त्याने तिच्यासाठी काही घेतलं, तर पंधराव्यात त्याने काय टाळलं हे लेखकाला माहीत असायला हवं.

तिसरं, नजरा वळण्याचं काम. ते कौशल्याकडे सोपवावं. आणि 'तो आपल्या कामात वाकबगार होता' एवढ्याने ते होत नाही. पहिल्या भेटीत नायिका लिफ्टमध्ये अडकलेली आहे. (युक्ती जुनी आहे, कबूल, पण नेहमी दोघं आत असतात. इथे तो बाहेर आहे आणि कामावर आहे.) तिला आधी फक्त त्याचा आवाज येतो. तो धीर धरा वगैरे म्हणत नाही, पुढे काय होणार ते सांगतो: "आता दिवा जाईल. घाबरू नका, मीच घालवतोय." दोर तुटला तरी लिफ्ट कोसळू नये म्हणून रुळांना चावून धरणारी पकड असते, लिफ्ट बनवणाऱ्या एलिशा ओटिसने ती १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात, स्वतः वर उभं राहून, दोर कापायला लावून दाखवली. मेकॅनिकला हे पाठ असतं. खरा धोका असतो तो दोन मजल्यांच्या मध्ये थांबलेल्या लिफ्टमधून स्वतःहून बाहेर उतरायला जाणाऱ्याला, खालच्या फटीतून तो थेट खड्ड्यात जाऊ शकतो. म्हणून तो तिला दाराला हात लावू देत नाही, आणि का ते सांगतो. चेहरा दिसण्याआधी तिने या माणसावर भरवसा टाकलेला आहे. हे कौशल्य पुस्तकात तीनदा यावं: एकदा असं सहज, एकदा तिच्या खऱ्या अडचणीत, आणि एकदा निरुपयोगी ठरताना. तिसरी वेळ बहुतेक लेखक विसरतात.

चौथ्या कामाआधी आणखी एक गोष्ट लागते, दोष. साध्या नायकांना जे दोष दिले जातात ते निम्मे लाडिक असतात: विसराळू, वेंधळा, चहात साखर जास्त घालणारा. ज्याने नायिकेला एकदाही खरोखर दुखावलं नाही, तो दोष धरायचाच नाही. आणि दोष गुणाच्याच मुळातून फुटलेला असला तर सोन्याहून पिवळं. आपला मेकॅनिक आत उतरण्याआधी मुख्य स्विच बंद करतो, कुलूप लावतो, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो आणि तरीही वीज आहे का ते तपासतो. 'बंद केलंय' असं कोणी कितीही शपथेवर सांगितलं तरी हात घालायचा नाही, ही सवय त्याला जिवंत ठेवते. हाच माणूस, नायिकेने 'आपल्याबद्दल घरी सांगितलंय' म्हटल्यावर, तिच्या भावाला फोन करून खात्री करून घेतो. त्याच्या मते ती काळजी, तिच्या मते अविश्वास. दोघंही बरोबर. हा संघर्ष पाच मिनिटांच्या बोलण्यात मिटणारा नाही, आणि तीच त्याची परीक्षा. जो गैरसमज एका सरळ प्रश्नाने सुटला असता त्यावर दीडशे पानं ताणलेली कादंबरी वाचकाला चिडवते, नायक कारकून असो वा सम्राट.

आणखी दोन ठिकाणी अशी पुस्तकं हमखास घसरतात. एक म्हणजे बिचारेपणा. पहिली पाच प्रकरणं काढा आणि नायकाने स्वतः घेतलेले निर्णय मोजा. आईने पाठवलं म्हणून गेला, मित्राने ढकललं म्हणून बोलला, पाऊस आला म्हणून थांबला, हे मोजायचे नाहीत. हाती शून्य आलं, तर तुमचा नायक साधा नाही, सामान आहे, इकडून तिकडे हलवलं जाणारं. दुसरी घसरण संकोचाची. श्रीमंत नायकाच्या खांद्यांवर पानंच्या पानं लिहिणारे लेखक साध्या नायकापाशी आले की एकदम सोज्वळ होतात. तो 'मनाने चांगला' असतो, बस. नायिकेला तो हवासा वाटायला हवा, अंगाने. तेलाचा डाग पडलेली बाही, पाना फिरवताना मनगटाजवळ ताठ होणारी शीर, बोलणाऱ्याकडे पूर्ण वळून ऐकण्याची तऱ्हा. हे नसलं की वाचकाला ती तडजोड वाटते, आणि ती वाटली की पुस्तक बुडालं. म्हणूनच प्रतिस्पर्धीही खरोखर चांगला असावा. देखणा, शहाणा, सभ्य. तो विसाव्या प्रकरणात खोटारडा निघाला तर नायक मैदानात न उतरताच जिंकला, असल्या विजयात काय राम?

राहिलं चौथं काम, संकट मिटवणं. ताटातूट साधारण चोविसाव्या-पंचविसाव्या प्रकरणाच्या आसपास येते, आणि तिथे फोनवर हुकूम सोडणारा नायक आपल्या हाताशी नाही. मग लेखक घाबरून त्याला विमानतळावर धावत पाठवतात. त्याची गरज नसते. चौथ्या ते सहाव्या प्रकरणात जे पेरलंय तेच कापायचं. आपल्या मेकॅनिकने तिच्या एका महत्त्वाच्या गोष्टीबद्दल, खात्री करून घेण्याची सगळी साधनं हाताशी असताना, ती न वापरता तिचा शब्द धरून चालावं, आणि त्या पायी त्याचं काहीतरी खरंच बुडण्याची शक्यता असावी. बाहेरून बघणाऱ्याला दिसेल की एका माणसाने एक फोन केला नाही. पहिल्या प्रकरणापासून सोबत असलेल्या वाचकाला त्या न केलेल्या फोनची किंमत दमडीदमडीने ठाऊक असते.

आणि इतकं सगळं साधल्यावर उपसंहारात घात होतो. नायकाला अचानक बढती मिळते, दूरच्या काकांची इस्टेट निघते, त्याने गुपचूप लावलेला शोध लाखोंना विकला जातो. जणू तीनशे पानं साधेपणा सोसल्याबद्दल नायिकेला नुकसानभरपाई. यावर कोणी चारुदत्ताकडेच बोट दाखवेल, आणि ते चूक नाही. दहाव्या अंकात नवा राजा आर्यक त्याला कुशावतीचं राज्य देऊन टाकतो. शूद्रकालाही मोह आवरला नाही. पण वसंतसेना त्या राज्याची वाट बघत बसली नव्हती. आठ अंक आधी, सेवकाने आणलेला तो जाईच्या वासाचा शेला तिने ओळखला, अंगावर घेतला आणि तो रस्त्याने जाताना दिसतो का ते बघायला गच्चीकडे धावली.